गुलाबीची अंडी

९ जानेवारी

बाबा,

पत्राच्या डोक्यावर काय काय लिहायचं असतं ते शाळेत एकदा शिकवलं होतं. त्या दिवशी मी शाळेत नव्हतो. कुठे होतो ते तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच शोधत आला होतात. तेव्हा सरळ सुरू करतो. मी बरा आहे. तुम्हीही बरे असाल असं धरून चालतो.

पत्र लिहू नकोस असं तुम्ही सांगितलं होतं. नीट सांगायचं तर असं म्हणाला होतात, "कुठेतरी एका जागी टिक. कोंबडीचं एक पिल्लू पाळ आणि ते वाढून अंडं देईपर्यंत तरी टिकून दाखव. अंडं मिळालं की लिही. तोवर मला तुझ्या अक्षराचंही तोंड बघायचं नाही." माझा एक पाय उंबऱ्यात होता आणि एक पायरीवर. त्याच्या आधी मी काय बोललो तेही मला आठवतंय. ते इथे पुन्हा लिहीत नाही. चार वर्षं झाली त्याला.

तर अंडं अजून नाही. पण पिल्लं आहेत. म्हणजे अर्धा नियम पाळला असं समजा.

मधल्या काळात अकरा कामं झाली. लपवत नाही. बर्फाच्या कारखान्यात होतो, बोटं बधिर व्हायला लागली म्हणून सोडलं. पेट्रोल पंपावर होतो. तिथे जो तो कुठेतरी निघालेला आणि मी आपला नळी धरून उभा, म्हणून सोडलं. एक काम का सोडलं ते तर मलाच आठवत नाही. आता दोन महिने एका मोठ्या लॉन्ड्रीत आहे. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी येतात, गाठोडी माझ्या उंचीची असतात. मी ओल्या चादरी यंत्रातून काढून रोलरवर देतो. समोरच्या बाजूला इस्त्रीवाल्या मावशी त्या पकडतात आणि घडी घालतात. दिवसभर आमच्यामध्ये एक पांढरी चादर वाहत असते. मावशींचं तोंड मी पहिल्यांदा जेवणाच्या सुट्टीत पाहिलं.

परवा फाटकाबाहेर हातगाडीवर टोपली होती. आत रंगवलेली पिल्लं. गुलाबी, हिरवी, जांभळी, नारिंगी. असा काही चिवचिवाट की गाडीवाल्याला ओरडावंच लागत नव्हतं. माझ्या पायाला भिंगरी आहे म्हणायचात ना, ते पाय तिथे आपोआप थांबले. सात घेतली. सातच का, ते तुम्हाला सांगायला नको.

तुमचा,
भिंगरी


२१ जानेवारी

बाबा,

पत्र परत आलं नाही. म्हणजे तुम्ही घेतलंत. वाचलंत की नाही ते विचारत नाही.

एक गेलं. नारिंगी. चूक माझी. पाण्याची ताटली ठेवली आणि तिच्यात गोट्या टाकायला विसरलो. ताटली एवढीशी, पाणी बोटाच्या पेरभर, पण पिल्लाला तेवढं पुरतं. बॉयलरवाला म्हणाला, "अरे, पिल्लूच ते, मरायचंच." मला त्याचा राग आला. मग आठवलं की मी पण तुम्हाला असंच काहीतरी बोललो होतो तेव्हा, दहा वर्षांचा असताना, आपल्या सात रंगीत पिल्लांतलं निळं बुडून गेलं त्या दिवशी. तुम्ही रागावला नव्हतात. "खिसे रिकामे कर," म्हणालात. मला वाटलं आता मार बसणार. तुम्ही माझ्या खिशातल्या गोट्या धुतल्यात आणि ताटलीत मांडल्यात. पिल्लू चोच घालेल पण बुडणार नाही, एवढ्या अंतराने. ते अंतर तुम्ही चिमट्याने नीट केलंत. घड्याळं दुरुस्त करायच्या चिमट्याने! मी हसलो होतो. आई गेल्यानंतर मी घरात पहिल्यांदा हसलो ते त्या दिवशी, असं शेजारच्या शिंपीणकाकू नंतर सांगायच्या.

बॉयलरच्या खोलीमागे एक छोटं अंगण आहे, तारेचं कुंपण आणि मोडकी यंत्रं. तिथल्या भिंतीला पाठीमागून ऊब असते. एका यंत्राची पत्र्याची टाकी आडवी टाकली, आत जुने टॉवेल, वर बल्ब. बल्ब तारेच्या हँगरला टांगलाय, इथे हँगरना तोटा नाही. पण वरखाली करायला जमत नाही. पिल्लं एका कोपऱ्यात गोळा होतात, म्हणजे गारठतात. तार वाकवली की चोच उघडून धापा टाकतात. तुमच्याकडे असं कधी झालं नाही.

तुम्ही ते उभं घड्याळ आडवं केलं होतंत. ते घड्याळ माझ्याहून उंच होतं, त्यात मी लपायचो. आई गेल्यावर आठवड्याच्या आत तुम्ही त्याचं यंत्र काढून फडक्यात बांधून ठेवलंत. मी विचारलं, बिघडलं का? तुम्ही म्हणालात, "नाही." एवढंच. मग महिनाभराने ती रिकामी पेटी पाठीवर निजवलीत, काचेचं दार वर आलं, दारात पेन्सिल अडकवून हवेला फट ठेवलीत, आणि त्याच घड्याळाच्या साखळीला बल्ब लावलात. दर रविवारी साखळी दोन कड्या वर. मी म्हणायचो, आज शनिवार आहे, आजच वर घेऊ. तुम्ही म्हणायचात, "रविवार म्हणजे रविवार."

इथे साखळी मिळाली की लावतो.

भिंगरी


१८ फेब्रुवारी

बाबा,

साखळी मिळाली. गाठोडी उचलायच्या यंत्राची जुनी साखळी आहे, जाड आहे, पण कड्या आहेत. रविवारी दोन कड्या वर घेतो. मुकादम विचारत होता, रविवारी सुट्टी असून इथे काय करतोस? म्हटलं, एक काम आहे. तो बघतच राहिला. माझ्या तोंडी ते शोभत नसावं.

आता सहा आहेत आणि सगळी कुरूप झाली आहेत. अर्धी पिसं, अर्धी लव, मान लांब. मावशी म्हणाल्या, "तुझी पोरं तुझ्यावरच गेली आहेत." मावशींना दोन मुलगे आहेत, दोघंही परदेशी, त्यामुळे जिभेची सगळी धार माझ्यावर चालते. पण रोज भाकरीचा चुरा बांधून आणतात. माझ्यासाठी नाही, पोरांसाठी.

रंग उतरायला लागला. हिरवा आधी गेला, मग जांभळा. खालून सगळी पांढरीच. आपल्या पिल्लांचा रंग गेला तेव्हा मी केवढा रडलो होतो, आठवतं? माझी पिल्लं कुणीतरी बदलली म्हणून. तुम्ही भिंग डोळ्याला लावून, हातात कुणाचं तरी घड्याळ उघडं, मान वर न करता म्हणालात, "रंग गेला. पिल्लू कुठे गेलंय?" मग उठलात, शिंपीणकाकूंकडून गुलाबी दोरा आणलात आणि जी गुलाबी होती तिच्या पायाला बांधलात. "ही तुझी. आता रंग जायची भीती नाही." एका बोटाची जागा सोडून गाठ मारलीत. पाय वाढेल म्हणून. दर पंधरा दिवसांनी सोडून पुन्हा बांधायचात.

मी पण बांधला. इथे दोऱ्याला काय तोटा, चादरींवर हॉटेलांची नावं शिवायला सगळ्या रंगांच्या रिळी आहेत. माझ्या गुलाबीला गुलाबी.

ती सगळ्यांत शेवटी खाते. बाकीचे तिला टोचतात, ती बाजूला होते आणि सगळ्यांचं झालं की येते. तेव्हाची गुलाबी पण अशीच होती ना?

एवढं तरी लिहून पाठवा, हो की नाही.

भिंगरी


३० मार्च

बाबा,

हे पत्र मी लिहितोय म्हणजे मी अजून इथेच आहे. दोनदा सुटलो असतो.

पहिली गोष्ट चादरींची. पोरं आता उडी मारून कुंपणावर बसतात. मंगळवारी मागचं दार उघडं राहिलं. मी उघडं ठेवलं असं मुकादम म्हणतो, बॉयलरवाल्याने ठेवलं असं मी म्हणतो. सहाच्या सहा जणं आत. घडी घातलेला ढीग एका मोठ्या हॉटेलचा होता, पांढरा शुभ्र, गाडीत चढायच्या तयारीत. वरच्या चादरीवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलं! तीन बोटं पुढे, एक मागे, एकाआड एक, कशी सुरेख. मावशींनी ती उचलून धरली आणि म्हणाल्या, "नक्षी चांगली आहे रे, हॉटेलवाल्यांना आवडेल." मग दुसऱ्या चादरीवर नक्षीच्या पलीकडचंही काही निघालं आणि मॅनेजर आला.

तो म्हणाला, "एकतर कोंबड्या जातील, नाहीतर तू जाशील."

तुम्ही मला ओळखता. असं कुणी म्हटलं की माझी पिशवी भरलेलीच असते. ह्या वेळी तोंडातून भलतंच निघालं. म्हटलं, "साहेब, सगळ्या चादरी मी पुन्हा धुतो. माझ्या सुट्टीत." बेचाळीस होत्या. धुतल्या, वाळवल्या, रोलरवरून काढल्या. समोर पकडायला कुणी नसणार म्हणून एकटाच इकडून तिकडे पळणार होतो. बघतो तर मावशी त्यांच्या जागेवर. "माझी पण सुट्टीच आहे," म्हणाल्या, "घरी कोण बसलंय माझी वाट बघत?" मॅनेजरने कोंबड्यांबद्दल पुन्हा काही काढलं नाही. दाराला आता स्प्रिंग लावली आहे.

दुसरी गोष्ट, आमच्या गाठोड्यांच्या ट्रकचा ड्रायव्हर. तो बंदराकडे दुसरं काम धरतोय. म्हणाला, "चल, समुद्र बघशील. इथे काय चादरींची वाफ खातोस?" शनिवारी पहाटे निघणार होता. मी हो म्हटलं. खरंच म्हटलं, बाबा. शुक्रवारी संध्याकाळी पोरांना दाणे टाकायला गेलो. मनात आलं, मोजून घ्यावीत, सगळी आहेत ना. पाच झाली. सहावी गुलाबी. बाकीच्यांचं व्हायची वाट बघत लांब उभी होती, एक पाय वर घेऊन. आणि मला वाटलं, उद्या दाणे दुसरं कुणी टाकेल, पण हिच्यासाठी शेवटपर्यंत थांबेल कोण? ड्रायव्हर गेला. समुद्र काही पळून जात नाही.

आता मुद्द्याचं. अंडं कधी येईल? आपल्या गुलाबीने नेमकं कितव्या महिन्यात दिलं? पाचवा की सहावा? मला दिवस आठवतो, महिना आठवत नाही. सकाळ होती, तुम्ही दात घासत होतात. "पेटीत बघ जरा, ती आज उठत नाहीये," म्हणालात. मी काचेचं दार उचललं, गुलाबी बाजूला झाली, आणि कोपऱ्यात भुश्शात अंडं! मी एवढा ओरडलो की शिंपीणकाकू कात्री घेऊनच धावत आल्या. अंडं गार होतं. मी म्हटलं, गार कसं? तुम्ही म्हणालात, "पहाटेच दिलं असेल." आणि त्याला तुमच्या तेलाचा वास येत होता, घड्याळाच्या त्या बारीक बाटलीतल्या तेलाचा. मला वाटलं घड्याळात राहते म्हणून. मी शाळेत सांगितलं सगळ्यांना, आमची कोंबडी घड्याळात राहते, तिच्या अंड्याला तेलाचा वास येतो.

मग एक दिवसाआड अंडं. शाळा सुटली की मी कुठेही न जाता थेट घरी पळत यायचो, उद्याचा दिवस अंड्याचा की रिकामा ते तिच्या तोंडाकडे बघून ठरवायला. त्या वर्षी मी पास झालो. तेवढ्या एकाच वर्षी सरळ पास झालो, नंतर सगळं ढकलगाडीच.

तुम्ही तिला काय खायला घालायचात, ते तरी लिहा.

भिंगरी


४ मे

बाबा,

महिनाभर लिहिलं नाही. लिहायचं नव्हतं.

एप्रिलच्या मध्यावर पहिला आरवला. जो हिरवा होता तो. घसा बसल्यासारखा, मध्येच तुटला. आम्ही सगळे हसलो. आठवड्याने जांभळा. मग एकेक करत पाच. मी म्हटलं, ठीक आहे, पाच कोंबडे निघाले, नशीब. गुलाबी आहे. गुलाबी गप्प आहे.

जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांना सांगत बसलो. आमच्या घरी पण असंच झालं होतं, सातातले चार वाचले, तीन कोंबडे, पण चौथी गुलाबी, तिने अंडी दिली. मग ते तिघं फार आरवायचे म्हणून बाबांनी कुणाच्या तरी शेतावर दिले, आणि ते गेल्यावर पंधराएक दिवसांनी एका सकाळी गुलाबी स्वतःच आरवली. मी घाबरलो. तर बाबा म्हणाले, "म्हातारपणी कोंबडीला असं होतं." त्यानंतर तिने अंडी दिली नाहीत. बाबा म्हणाले, "निवृत्त झाली."

एवढं मी सांगितलं.  मग बॉयलरवाला असा हसला की त्याच्या नाकातून चहा आला. मुकादमाने भिंतीला हात टेकला. मला कळेना. मावशी तेवढ्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "अरे बाळा, ती रंगवलेली पिल्लं सगळी नरच असतात. अंडी देणाऱ्या जातीचे नर. उबवणीवाल्यांना नको असतात म्हणून रंगवून टोपलीत घालतात. त्यात मादी सापडायची म्हणजे चुकून."

मी म्हटलं, मग आमच्याकडे चुकून आली असेल.

"आणि ती आरवली?"

मी मान हलवली.

"कितीचा होतास तू?"

"दहा."

"आणि आता?"

"तेवीस."

मावशींनी माझ्या डोक्यावर टपली मारली आणि कामाला गेल्या. पण बाकीचे काय सोडतात? आठवडाभर मला बघितलं की कुणीतरी म्हणायचं, "म्हातारपणी असं होतं हो." टिकलीएवढा झालो मी. आणि सगळा राग तुमच्यावर निघाला. वाटलं, ह्या माणसाने मला दहाव्या वर्षी फसवलं, तेवीस वर्षांपर्यंत फसवलेलंच ठेवलं, आणि वर घराबाहेर काढताना अट घातली ती कसली, तर अंडं! म्हणजे घरी येऊच नकोस, असंच ना? आठवडा संपला त्या सकाळी माझी गुलाबी पण आरवली. झालं. पिशवी भरली आणि स्टँडवर गेलो.

गाडीला अर्धा तास होता. शेजारी एक बाई बसली होती, मांडीवर अंड्यांचा ट्रे, प्रवासात फुटू नयेत म्हणून दोन्ही हातांनी धरलेला. एका अंड्यावर कसलातरी निळा शिक्का होता. बेकरीत येतात त्यांच्यावर असतो तसा. आणि मला तो वास आला, बाबा. त्या अंड्याला नाही, माझ्या डोक्यातच. तेलाचा.

बेकरीतून आणलेल्या अंड्यावरचा शिक्का पुसायला तेल लावायचात तुम्ही. तुमच्या कापसाच्या बोळ्याने, तबकडी पुसता तसा.

मग बसल्या जागी एकेक उलगडत गेलं. बेकरी सकाळी उघडायच्या आत अंडं पेटीत असायचं, म्हणजे तुम्ही आदल्या दिवशीच आणून लपवत होतात. म्हणून ते गार. एक दिवसाआड, कारण रोज दिलं असतं तर मी धावत आलो नसतो, आणि आठवड्याने दिलं असतं तर वाट बघायची सोडली असती. एक दिवसाआड बरोबर. तुमच्याशिवाय एवढा नेमका हिशोब कोण करणार? सेकंदाला चुकलेलं घड्याळ गिऱ्हाइकाच्या हातात न देणारा माणूस, कुणी म्हटलं "चालेल हो, दोन मिनिटं पुढे," तर घड्याळ परत मागून घेणारा. तो माणूस एक दिवसाआड सकाळी दात घासता घासता माझ्याशी खोटं बोलत होता.

आणि रविवार. त्या घड्याळाला आई रविवारी किल्ली द्यायची. मला आत्ता आठवलं. स्टुलावर चढायची आणि मला खालून स्टूल धरायला लावायची. यंत्र काढलंत, पण रविवार ठेवलात. दोन कड्या.

जाताना मी तुम्हाला म्हटलं होतं, "आई गेली तेव्हा तुम्ही रडलासुद्धा नाहीत. माझ्यासाठी काय केलंत तुम्ही? खुर्चीत बसून राहिलात." लिहिणार नव्हतो. लिहिलं.

गाडी आली आणि गेली. ती बाई खिडकीतून बघत होती, हा चढत का नाही म्हणून.

आता खरी अडचण अशी की माझ्याकडे सहा कोंबडे आहेत. अंडं येणार नाही, ह्या जन्मात नाही. तुमची अट माझ्याच्याने पुरी होत नाही. पण मी इथे सहा महिने आहे. इतका मी कुठेच राहिलेलो नाही, आपलं घर आणि आईचं पोट सोडून. एवढ्यावर काही जमत असेल तर बघा.

एकच विचारतो. किती अंडी ठेवलीत?

भिंगरी


६ जून

बाबा,

कार्ड मिळालं. मावशींनी आणून दिलं, रोलरच्या पलीकडून, चादरीवर ठेवून. माझ्याकडे वाहत आलं. वाफेने थोडं भिजलं, पण अक्षर शाबूत आहे.

तुम्ही लिहिलंत, "एकसष्ट. बासष्टावं हातात फुटलं, तेव्हा तू उठला नव्हतास. रंगवलेली पिल्लं घेतलीस हे पहिल्याच पत्रात कळलं होतं. कोंबडा अंडं देत नाही हे कसं लिहायचं, ते सुचलं नाही. पेटी मागच्या अंगणात आहे."

मी ते कितीदा वाचलं ते विचारू नका. आधी हसलो. पाच महिने तुम्ही माझी पत्रं वाचत होतात आणि गप्प होतात, ते रागाने नाही. माझी चूक सुधारायची तर स्वतःची उघडी पडत होती. आयुष्यात एकदा घड्याळ चुकीचं लावलंत आणि तेरा वर्षांनी गिऱ्हाईक दुकानात आलं.

मग पुन्हा वाचताना दुसरंच दिसलं. तुमची अक्षरं ओळीवरून खाली उतरली आहेत. "पेटी" हा शब्द तर कार्डाच्या कडेवर जाऊन पडलाय. बाबा, तुमचं अक्षर छापल्यासारखं होतं. घड्याळाच्या झाकणाच्या आत, नखाएवढ्या जागेत, तुम्ही दुरुस्तीची तारीख कोरायचात. डोळ्यांना काय झालंय? कधीपासून? भिंगाचा डोळा का दुसरा? माझी पत्रं वाचलीत की शिंपीणकाकूंकडून वाचून घेतलीत? तसं असेल तर काकू, नमस्कार, आणि हे पुढचं त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

मला आठ दिवसांची रजा मिळाली आहे. सोडून येत नाहीये, रजेवर येतोय. मुकादमाला दोनदा सांगावं लागलं, त्याला वाटलं हा आता गेला तो गेलाच. मावशी माझ्या जागेवर चादरी देतील, बॉयलरवाला पकडेल. पाच कोंबडे मावशी घरी नेत आहेत. म्हणाल्या, "पोरं परदेशी आहेत, कोणीतरी सकाळी हाक मारायला हवं." कापणार नाही ना, असं विचारलं तर परत टपली.

डोळ्यांच्या दवाखान्यात मी बरोबर येणार आहे. गरज नाही वगैरे म्हणू नका, काकू ऐकत आहेत. दवाखान्यातलं आटोपलं की दुकानात बसेन, रजा आहे तोवर. तुमच्या खुर्चीत नाही, शेजारच्या स्टुलावर. तुम्ही सांगाल ते हातात देईन. चिमटा म्हटलं की चिमटा, तेल म्हटलं की तेल. टिकेन का, माहीत नाही. आठ दिवस नक्की.

गुरुवारी सकाळी पोहोचतो. गाडी लवकर लागते, तुम्ही तेव्हा दात घासत असाल. दार उघडायला येऊ नका. मी मागच्या अंगणाच्या बाजूने येईन, फाटकाची कडी अजून बाहेरून उघडते ना? तुमचं चालू द्या. तोंड धुऊन झालं की सावकाश बाहेर या, भिंतीला हात लावून, आणि पेटीपाशी बसा. डोळ्यांना दिसलं नाही तरी चालेल. काचेचं दार उचला आणि कोपऱ्यात भुश्शात हात घालून बघा.

गार लागलं तर समजा, पहाटेचं आहे.

गुलाबीला बरोबर आणतोय. तो शेजारीच उभा असेल, पायाला दोरा आहे. विचाराल तर मी सांगेन, तरुणपणी कोंबड्याला असं होतं.

तुमचा,
भिंगरी